सतरा काळे दाणे

फोन आला तेव्हा मी आमच्या बोरिवलीच्या इमारतीच्या गच्चीवर जाळी बांधत होते. सकाळचे अकरा वाजले असतील. फोनवर वसुधाचा भाचा होता. "निमाकाकू, आत्या गेली…" एवढंच म्हणाला. माझ्या एका हातात फोन, दुसऱ्या हातात सुतळी, आणि कठड्यावर कबुतरं ओळीने बसून जाळीचं टोक सुटायची वाट बघत होती. "येते," मी म्हटलं. पण आधी गाठ मारली, ओढून पाहिली आणि मगच खाली उतरले. कोणाला वाटेल, काय दगडाच्या काळजाची बाई आहे. वाटू दे. त्या जाळीची ताकीद वसुधानेच मला चार दिवसांपूर्वी हॉस्पिटलच्या खाटेवरून दिली होती.

वसुधा माझी समोरच्या दाराची शेजारीण. नोकरीची सगळी वर्षं कोकणात भाताच्या संशोधनात काढली आणि निवृत्त झाल्यावर आठ वर्षांपूर्वी इथे राहायला आली. लग्न केलेलं नव्हतं. सामान म्हणाल तर दोन बॅगा, एक खाट आणि एक भलामोठा फ्रिज. पहिल्या दिवशी मी शेजारधर्म म्हणून दूध घेऊन गेले आणि ते ठेवायला फ्रिज उघडला. आत दूध नाही, भाजी नाही, नुसत्या बरण्या, आणि प्रत्येकीत टरफलासकट भात. "तो खायचा नाहीये," मागून आवाज आला. तिचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य हे. बाई आगाऊ आहे, हे मी तिथेच ओळखलं, आणि मला आगाऊ माणसांशी चांगलं जमतं.

हे वेड काय आहे, ते तिने मला हळूहळू शिकवलं. भातशेती म्हटली की आपल्याला चिखलातली लावणी आठवते. पण डोंगरउतारावर, जिथे पाणी ठरतच नाही, तिथेही होणारे गावठी भात आहेत. बी पेरायचं, आणि पाऊस देईल तेवढ्यावर ते निभावतं. आता हे वाण गावोगाव सुटत चाललेत. कुठे काजू लागला, कुठे शेत ओस पडलं. "सुटले तर सुटले, दुकानात तांदूळ मिळतोय ना?" असं मी एकदा बोलून गेले आणि फसले. "आणि उद्या पावसाने दगा दिला की कमी पाण्यावर तगणारी नवीन जात कशातून तयार करायची गं? तो गुण दुकानात मिळतो? तो ह्या बरण्यांत आहे. आणि बी म्हणजे लोणचं नाही, मुरत ठेवायला. अधूनमधून पेरून ताजं केलं नाही तर मरतं ते!" म्हणून दर वर्षी मेअखेरीस ती अर्धे कापलेले प्लास्टिकचे ड्रम मातीने भरायची आणि गच्चीवर पेरणी करायची. सोसायटीचे सेक्रेटरी दर वर्षी विचारायचे, "मॅडम, गच्ची गळली तर?" ती दर वर्षी म्हणायची, "गळली तर खाली मी बादली धरून बसेन." गच्ची काही गळली नाही.

सगळ्या बरण्यांत तिचा जीव एकीवर जास्त. मिशाळ भात. दाण्याला लांब कुसळ असतं म्हणून हे नाव. ज्या वाडीतून तिने तो आणला होता, तिथे आता तो कोणी पेरत नाही. तिने कुठे कुठे चौकशी केली होती, पण त्या एका बरणीपलीकडे त्याचा पत्ता लागला नव्हता. यंदाच्या मे महिन्यात तिचा हात थरथरायला लागला होता, म्हणून ती मला म्हणाली, "मिशाळ यंदा पेरायचाय. किडके दाणे तेवढे काढून ठेव. मी डॉक्टरकडे जाऊन येते." आता मी साकीनाक्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं तपासणीच्या टेबलावर बसलेली बाई. पुढ्यात वॉशरचा ढीग ओतायचे आणि जो जरा वेगळा दिसेल तो मी बाजूला करायची. रिजेक्ट! माझी बोटं डोळ्यांच्या आधी चालतात. ताटात पिवळसर, मिशांचा भात पसरला, तर मध्ये मध्ये काळसर, बिनमिशांचे दाणे. म्हटलं, ही भेसळ कोणी केली? एकूण एक काळा दाणा वेचला आणि खिडकीबाहेर चिमण्यांना टाकला. ताट कसं झकास एकसारखं दिसत होतं.

वसुधा आली, ताटाकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. "काळे कुठे आहेत?" मी खिडकी दाखवली. ती तशीच जिना उतरायला लागली. मागोमाग मी. खिडकीखाली पार्क केलेल्या स्कूटरांच्या मध्ये, साठी ओलांडलेल्या आम्ही दोघी भर दुपारी फरशीवर गुडघे टेकून दाणे शोधत होतो. वॉचमन धावत आला. "मॅडम, अंगूठी गिर गया क्या?" वसुधा मान वर न करता म्हणाली, "नहीं, चावल." तो आला तसा परत गेला. तासाभराने सतरा दाणे हाती लागले. बाकीचे चिमण्या-कबुतरांनी संपवले होते.

त्या संध्याकाळी तिने चहा केला. मग स्वतःहून सांगायला लागली. नोकरीच्या सुरुवातीला तिने ह्याच मिशाळातली सर्वांत देखणी, एकसारखी रोपं निवडली होती. बाकीचं पीक बैलांना घातलं. साहेबांनी पाठ थोपटली. पुढच्या वर्षी श्रावणात पावसाने मोठी उघडीप दिली आणि तिची ती देखणी ओळ उभीच्या उभी करपली. वाडीत मात्र एका म्हातारीच्या उतारावर तोच मिशाळ, पण सगळा मिसळलेला, निम्मा तरी हिरवा होता. त्यातली काळ्या दाण्याची रोपं तर ताठ उभी. म्हातारीने पदरात पसाभर बी घातलं आणि म्हणाली, "बाये, सगळी पोरां एकसारकी असली तर एकाच तापात जातली." हे सांगून वसुधा उठली आणि कप विसळायला गेली. मला रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, कारण त्यानंतर मला रात्र रात्र ते काळे दाणे दिसायला लागले.

पेरणी आम्ही दोघींनी मिळून केली. ते सतरा दाणे तिने पाण्याच्या टाकीजवळच्या ड्रममध्ये वेगळे पेरले, त्यांच्यावर नजर ठेवता यावी म्हणून. त्यातले सहाच उगवले. रोज सकाळी मी आधी तिथे जायची आणि मग देवाला हात जोडायची. जुलैत वसुधा हॉस्पिटलमध्ये गेली. शेवटच्या भेटीत मी धीर करून विषय काढला, "वसू, ते काळे दाणे… माझ्यामुळे…" तिने हात हलवून मला थांबवलं. "जाळी बांधलीस?"

"बांधते गं."

"बांधते नको. बांधली म्हण. लोंब्या आल्या की कबुतरं ऐकायची नाहीत."

माफीचं राहूनच गेलं. चार दिवसांनी तो फोन आला.

तिच्या बाराव्यानंतर भाचा घर आवरायला आला. चांगला मुलगा आहे, पण त्याच्या दोन खोल्यांत बरण्यांना जागा कुठून असणार? "काकू, ह्याचं काय करायचं?" त्याने विचारलं. मी म्हटलं, फ्रिज माझ्याकडे येतोय, उचलायला चार माणसं बोलाव. आज फ्रिज माझ्या हॉलमध्ये आहे आणि सोफा गॅलरीत गेलाय. पाहुण्यांची जरा गैरसोय होते. होऊ दे. गोराईला भाजी पिकवणाऱ्या एका ओळखीच्या बाईंनी पुढच्या वर्षी उताराचा तुकडा द्यायचं कबूल केलंय, म्हणजे गच्चीवर मावत नाही ते तिथे जाईल. सेक्रेटरींनाही सांगून टाकलंय की बादली आता माझी.

गेल्या आठवड्यात टाकीजवळच्या लोंब्या भरल्या, आणि एके सकाळी बघते तर चार रोपांचे दाणे काळे पडायला लागलेले. दोन रोपं वांझ राहिली. पण चार! मी तिथेच ड्रमजवळ बसले आणि वसुधा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर रडले. मग डोळे पुसून खाली आले, कारण नोंद करायला हवी होती.

भाच्याने फ्रिजबरोबर तिची लांब वही दिली होती. ती उघडायचा मला तोवर धीर झाला नव्हता. मिशाळाच्या पानावर एक रकाना आहे, 'बी कोणी सांभाळलं'. सुरुवातीला त्या म्हातारीचं नाव. खाली वर्षामागून वर्ष वसुधाचं स्वतःचं. आणि सर्वांत खाली यंदाच्या पेरणीची तारीख, थरथरत्या अक्षरात, आणि रकान्यात माझं नाव. पेरणी संपवून आम्ही मातीचे हात धुऊन चहा प्यायलो, त्याच दिवशी लिहिलेलं. शेजारी शेरा होता: 'काळ्या दाण्यांत मोठी घट. चूक माझी. निमाला आधी सांगायला हवं होतं.'

तो शेरा मी पुन्हा एकदा वाचला. मग पेन घेतलं आणि तिच्या अक्षराखाली लिहिलं: काळी रोपं, चार. पुढच्या वर्षी त्यांचं बी सगळ्यांबरोबर मिसळून पेरायचं.