दादाची आत्मटीका

दादा गेल्याचं सांगायला वहिनीचा फोन आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिला प्रश्न गेला तो हा, "टीव्हीपुढेच होता का?" वहिनी म्हणाली, "हो. आवाज बंद करून बघत होते." अशा वेळी माणसं रडतात. मला आधी राग आला. बीजिंगच्या त्या चौकात रणगाडे येऊन गेले, तिथे धरणं धरलेली पोरं मारली गेली, बातम्यासुद्धा दुसऱ्या विषयाकडे वळल्या, पण नॉर्थ कॅरोलायनातल्या मॉरिसव्हिलमध्ये आमचा दादा सोफ्यावरून हलला नाही. डॉक्टरांनी हृदयाचं काय सांगितलंय, वहिनी काय विनवतेय, कशाचा पत्ता नाही. जून संपता संपता तिथेच गेला.

दादा म्हणजे प्रभाकर, माझा थोरला भाऊ. सांगलीला कॉलेजात असताना त्याला चीन लागला, एखाद्याला तंबाखू लागते तसा. शेतकऱ्यांची पोरं गुहेत राहिली, फाटक्या चपलांनी डोंगर तुडवले आणि एवढा मोठा देश उलटवला, हे तो असं सांगायचा की त्या लाँग मार्चात याच्याही पायाला फोड आले असावेत. पुढे अमेरिकेत संख्याशास्त्र शिकवायला आला, गाडी आली, क्रेडिट कार्ड आलं, पण चीन काही सुटला नाही. बरं, चीनने तरी एका जागी राहावं... तेही नाही. तिकडे सामुदायिक शेतीचे कम्यून झाले, ते बरोबर. मग कम्यून मोडून जमीन घराघराला कसायला दिली, तेही बरोबर. किनाऱ्यावर परदेशी कारखाने आले तेव्हा मी विचारलं, "दादा, आता हे भांडवलशहा नाहीत का?" तर म्हणाला, "शालू, हा एक टप्पा आहे. तुला टप्पा कळत नाही." तिकडे काहीही होवो, इकडे याचा टप्पा तयार.

लग्न होऊन मीही तिथे जवळच राहायला आले, मग दर रविवारी आम्ही सगळे त्याच्याकडे जेवायला. पण जेवणाआधी आत्मटीका. तिथले कार्यकर्ते एकत्र बसून आपापल्या चुका सगळ्यांसमोर कबूल करतात, हे त्याने कुठेतरी वाचलं आणि घरात लागू केलं. माझ्या नवऱ्याने कबूल करायचं की गरज नसताना दुसरी कार घेतली. वहिनीने कबूल करायचं की ती दुपारी टीव्हीवर मालिका बघते. मुक्ता, त्याची लेक, तोंड वाकडं करून म्हणायची, "बाबा, धिस इज सो वीअर्ड," आणि तीच तिची आत्मटीका. दादाची पाळी शेवटची. तोवर भात निवायला लागलेला असायचा, त्यामुळे ती राहून जायची. प्रत्येक वेळी. एकदा मी म्हटलं, आज त्या टोकाकडून सुरू करू. तर म्हणे, "शिस्त मोडू नकोस." कपाळाला हात लावायचा, दुसरं काय.

आणि मग लिन आली. चीनने आपली माणसं बाहेर शिकायला पाठवायला सुरुवात केली, तेव्हा जे पहिले पहिले लोक आले त्यांतली ही. दादाच्याच कॉलेजात गणित विभागात होती, राहायलाही त्याच अपार्टमेंटमध्ये, खालच्या मजल्यावर. खरंखुरं चिनी माणूस घरी जेवायला येतंय म्हटल्यावर दादाला आकाश ठेंगणं झालं. मुक्ता तिला लिन मावशी म्हणायला लागली. एका रविवारी दादाने तिला सामुदायिक स्वयंपाकघरांबद्दल मुक्ताला सांगायला लावलं. गावातल्या घरोघरच्या चुली बंद करून सगळ्यांनी एकत्र जेवायचं, ती योजना. लिनने हातातला चमचा खाली ठेवला. म्हणाली, "सुरुवातीला पोटभर मिळालं. नंतर पातळ पेज. मग तीही नाही. माझा धाकटा भाऊ त्या हिवाळ्यात गेला."  दादाने घसा खाकरला आणि तिला समजावलं, "त्या स्थानिक कार्यकर्त्यांच्या चुका होत्या. धोरण चुकीचं नव्हतं." त्या बाईला. तिच्या मेलेल्या भावाबद्दल. लिन "असेल" म्हणाली आणि वहिनीबरोबर ताटं उचलायला लागली.

आम्ही निघताना दादा पार्किंगपर्यंत सोडायला आला, तेव्हा मी त्याला धरलं. "ती अजून वर तुझ्याच घरात आहे. जा आणि तिची माफी माग." म्हणतो, "भावनेने इतिहास कळत नाही, शालू." मी म्हटलं, "इतिहास गेला खड्ड्यात. तिचा भाऊ उपाशी मेलाय." तो जिन्याकडे वळला. त्यानंतर वर्षानुवर्षं मी त्याच्यामागे हाच एक धोशा लावला. वहिनी म्हणायची, सोड गं. मी कशी सोडू? लहानपणापासून याचंच बरोबर, याचंच बरोबर ऐकत आले. मला एकदाच, फक्त एकदा, याच्या तोंडून 'माझं चुकलं' ऐकायचं होतं. लिन मात्र येत राहिली. मुक्ताला गणित शिकवायची, आमटी-भात आवडीने खायची, आणि आत्मटीका सुरू झाली की उठून बाल्कनीत जायची. दादाच्या ते लक्षातही आलं नाही.

या वर्षी विद्यार्थी चौकात बसले तेव्हा स्वारी खुशीत होती. पोरांनी क्रांती पुढे नेली म्हणे. मग ती बातमी आली. मी त्याच दिवशी गेले, भांडायलाच. ड्राइव्ह करताना मुद्दे जुळवले होते. "बोल दादा, आता हा कुठला टप्पा?" तो बोलला नाही. पुढच्या रविवारीही नाही. आत्मटीका बंद, व्याख्यान बंद. ज्या गप्प बसण्याची मी एवढी वर्षं वाट बघितली ते आलं, आणि मला ते सोसेना. शेवटी मीच त्याच्या वतीने बोलायला लागले... सैन्यात फूट पडेल, हे म्हातारे किती दिवस टिकणार, पुढे बदलेल सगळं... माझा मलाच वैताग आला.

त्याचे दिवस झाल्यावर मी लिनकडे खाली गेले. म्हटलं, दादाने मागायची ती माफी मी मागते. ती म्हणाली, "नको. तो आला होता." जाण्याच्या आदल्याच आठवड्यात, भर दुपारी, एकटा. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून संध्याकाळपर्यंत बोलत होता. मी तिचा हात धरला. "काय म्हणाला? चुकलं म्हणाला का? एवढंच सांग."

लिन सांगायला तयार नव्हती. "आमच्याकडे माणसं असं मन मोकळं करायची आणि ऐकणारे ते दुसऱ्या दिवशी बाहेर सांगायचे. माझे वडील त्यातच गेले. प्रभाकर इथे जे बोलला, ते इथेच राहील."

मी त्याची सख्खी बहीण आहे, हे सांगून बघितलं. रडून बघितलं, चिडूनही बघितलं. तिने माझ्यासाठी चहा ओतला. आता रविवारी मी तिच्याकडेच जाते आणि त्या खुर्चीत बसते. खिडकीतून नुसता पार्किंग लॉट दिसतो. जन्मभर सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलणारा माझा भाऊ एकदाच हळू बोलला, आणि नेमकी मी तिथे नव्हते.