परत एकदा दाखवा

काका ऑफिसात शिरले की आधी उजवा हात कानामागे धरायचे आणि विचारायचे, "आज काय?"

"थर्सडे, काका."

हात कानामागेच.

"थर्सडे!" मी आवाज चढवायचो.

"ऐकू नाही आलं, मालक."

"गुरुवार."

"हां. मग बसतो."

त्यांच्या कानांना काहीही झालेलं नव्हतं. खालच्या गाळ्यात पत्रा कापायचं मशीन दिवसभर किंचाळायचं, आणि त्या गोंगाटातही मी फोनवर गिऱ्हाइकाला मारलेली थाप त्यांना पोटमाळ्याच्या दुसऱ्या टोकाला बरोब्बर ऐकू जायची.

हा पोटमाळा रबाळ्याला. तिथे मी वेबसाइट बनवतो. मराठीत बनवतो असंही पाटीवर लिहिलंय, पण शाळेत मी ऱ्हस्व-दीर्घ मनातल्या मनात छापा-काटा करून ठरवायचो आणि नशीब नेहमी मास्तरांच्या बाजूने असायचं. म्हणून काका. चाळीस वर्षं त्यांनी छापखान्यांत प्रूफं तपासली. छापखाने एकेक करत मिटले, काकांचे डोळे मात्र उघडेच राहिले. आठवड्यातून तीन दिवस ते जुईनगरहून यायचे.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. लग्नपत्रिका हातात पडली की मुलगी कुठली, मुलगा काय करतो हे बाजूलाच, आधी 'आशिर्वाद'मधला 'शि' शोधणारा.

स्क्रीनवर ते वाचत नसत. "काचेतली चूक हसते हो आपल्याला," म्हणायचे. प्रत्येक पान कागदावर छापून द्यावं लागे. मग लाल पेन, कपाळावर चढवलेला दुसरा चष्मा आणि समासात त्या बारीक बारीक खुणा. काढून टाकायच्या शब्दावर आडवी काट, समासात शेपटीवाली खूण. मी दुरुस्त्या केल्या की एकच वाक्य यायचं, "परत एकदा दाखवा."

"आता काय दाखवू? तुम्ही सांगितलं तेच केलंय."

"म्हणूनच. चूक गप झोपलेली असते, मालक. एकीला उठवायला गेलं की शेजारच्या दोघी जाग्या होतात. परत एकदा दाखवा."

चहावाल्याला कप पुढे करून हेच म्हणायचे. तोही हसून अर्धा कप ओतायचा.

खाडीकडच्या एका गावच्या देवस्थानाचं काम आलं तेव्हा काका खुलले. देवाची कथा, पूजेचे प्रकार, वर्षभराच्या उत्सवांच्या तारखा असं सगळं वेबसाइटवर घालायचं होतं. देवस्थानचे अध्यक्ष गावचेच, कधीकाळी भातशेती करणारे, आता तीन इमारतींचे मालक. त्यांनी एकच अट घातली, "मराठीन पायजे सगला. बाकी तुमी बगा."

मजकूर तपासून झाल्यावर मी काकांना सहज म्हणालो, "पानाच्या तळाशी तुमचं नाव टाकतो. मुद्रितशोधन म्हणून."

काका थांबले. पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं.

"आमचं नाव कुठे नसतं हो. लेखकाचं असतं, प्रकाशकाचं असतं, मुद्रकाचं असतं. शेकड्यांनी पुस्तकं वाचली मी, एकातही मी नाही."

"याच्यात असाल."

"मग हिला दाखवीन म्हणतो," ते म्हणाले. 'ही' म्हणजे काकू. "ती म्हणते, चाळीस वर्षं काय करत होतात त्याचा पुरावा काय?"

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी त्यांनी शेवटचं प्रूफ हातात घेतलं आणि उत्सवांच्या यादीवर बोट ठेवलं.

"ही मई कोण?"

"मे महिना, काका."

"मग मे म्हणा की. आम्हाला शाळेला मे महिन्याची सुट्टी असायची. मईची कोणी दिली नव्हती. आणि हा अगस्त? जुलाई?"

तारखा आपोआप दाखवण्यासाठी मी एक तयार साधन बसवलं होतं. ते भाषा विचारतं. मी हिंदी निवडली होती, कारण यादीत ती आधी दिसली आणि लिपी तीच, म्हणजे काम भागलं असं मला वाटलं. त्याच यादीत आणखी खाली 'मराठी' होतं, हे मला फार नंतर कळलं. बोटाने पाव इंच सरकवायचं होतं. तेवढं बोट मी हलवलं नाही.

"मार्च आणि जून तेवढे दोन्ही घरचे," काका म्हणाले. "बाकीच्यांना घरी आणा. आणि परत एकदा दाखवा."

"हो हो."

ते गेले आणि मी माझी हुशारी बाहेर काढली. सगळी माहिती एका फटक्यात बदलून टाकायची! शोधा 'मई', घाला 'मे'. शोधा 'अगस्त', घाला 'ऑगस्ट'. सगळी वेबसाइट दोन मिनिटांत मराठी. यादी पाहिली, महिने चोख. काकांना फोन केला असता तर ते म्हणाले असते, "छापून ठेवा, सकाळी येतो," आणि सकाळी तर उद्घाटन होतं. मी वेबसाइट सुरू करून टाकली आणि घरी जाऊन शांत झोपलो. मूर्ख माणसाला झोप चांगली लागते.

सकाळी देवळाच्या सभामंडपात मोठा पडदा लावलेला. काका कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. शेजारी काकू, हातात चष्म्याचं घर घेऊन. अध्यक्षांनी माईक घेतला आणि पडद्यावरची देवाची कथा मोठ्याने वाचायला लागले.

"फार पूर्वी ऑगस्ट्य ऋषी या खाडीकाठी…"

ते अडखळले. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आमचे देवलान ह्यो इंग्रज रुशी कवा आला?"

मंडप हसला. पुढच्या ओळीत ऋषींनी देवापुढे समे लावली होती. पूजेच्या पानावर पितळी समे, समेत तेल, समेची वात. प्रत्येक समईतली मई मी जातीने वेचून काढली होती. नशीब, मुंबईत 'ब' आहे, नाहीतर सबंध शहर गेलं असतं.

एवढं आज मी हसत सांगतो. पुढचं सांगताना हसू येत नाही.

"कोनी तपासलाय ह्या?" अध्यक्षांनी विचारलं. आता त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. देवाचं काम होतं आणि पाहुणे बसले होते.

मी तोंडातून एक शब्द काढला नाही. पुढे कित्येक दिवस मी स्वतःची हीच समजूत घालत होतो. माझा हात फक्त माउसवर होता. मी पान खाली सरकवलं. अगदी तळापर्यंत. भाषेच्या यादीत पाव इंच न हललेलं बोट त्या दिवशी सबंध पान घसरत गेलं.

मुद्रितशोधन, दोन टिंबं आणि पुढे काकांचं नाव. ठळक अक्षरांत. ठळक मीच केलं होतं, त्यांना आवडेल म्हणून.

काकू चष्मा लावून ते वाचत होत्या. वाचलं आणि त्यांनी काकांकडे पाहिलं.

काका उभे राहिले. ते खरं सांगतील असं मला वाटलं. सांगावं असंही कुठेतरी वाटलं. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, माउसवरच्या.

"माझ्या नजरेतून सुटलं," ते म्हणाले. "क्षमा असावी."

अध्यक्ष विरघळले. "नाय, नाय, काका, वय झाला की व्हताच आसा," म्हणत त्यांनी काकांच्या हातात नारळ दिला. त्या सांत्वनाइतकं वाईट मी त्या दिवशी काहीच ऐकलं नाही. ज्या माणसाच्या नजरेतून चाळीस वर्षांत वेलांटी सुटली नव्हती, तो बायकोसमोर मान डोलावत 'हो, वय झालं' म्हणत होता.

पायऱ्यांवर मी त्यांना गाठलं. "काका, मी…"

"परत एकदा दाखवायचं ठरलं होतं," ते म्हणाले. 'मालक' न म्हणता. काकूंनी नारळ त्यांच्या हातातून घेतला आणि दोघं रिक्षात बसले.

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. शनिवारीही नाही. फोन वाजत राहायचा. मी जुईनगरला त्यांच्या घरी गेलो. दार काकूंनी उघडलं, अर्धंच.

"घरी नाहीत," त्या म्हणाल्या.

दाराशी काकांच्या चपला होत्या. मी चपलांकडे पाहिलं, काकूंनी मी पाहताना पाहिलं. आतून एक लिफाफा आणून त्यांनी माझ्या हातात ठेवला. "हे तुम्हाला द्यायला सांगितलंय."

आत वेबसाइटचं एकूण एक पान होतं. स्वतःच कुठूनतरी छापून आणलेलं. सगळे समे दुरुस्त, सगळे ऑगस्ट्य दुरुस्त, लाल पेनाने, शांत अक्षरांत. माझ्यासाठी चिठ्ठी असेल म्हणून मी लिफाफा उलटा करून झटकला. नव्हती. शेवटच्या पानाच्या तळाशी त्यांच्या स्वतःच्या नावावर आडवी काट होती आणि समासात ती शेपटीवाली खूण.

त्यांनी लावलेली प्रत्येक खूण मी पाळली. तीही. म्हणूनच इथे तुम्हाला त्यांचं नाव सापडणार नाही.

भाषेच्या यादीत आता 'मराठी' निवडलेलं आहे. ऑफिसात शिरल्यावर मी रोज ते देवस्थानचं पान उघडतो. गुरुवारी वरच्या कोपऱ्यात तारखेशेजारी 'गुरुवार' नीट उमटतं, विचारणारं कोणी नसताना. मग तळाशी जातो. काट फक्त नावावर होती, 'मुद्रितशोधन'वर नव्हती. त्यामुळे तो शब्द अजून तिथेच आहे. पुढे दोन टिंबं, आणि त्यापुढे कोरी जागा.