तंबूच्या दाराला टाके

जावयांनी म्हैसूरबाहेर बेळगोळच्या पुढे, धरणाच्या पाण्याजवळ तंबू भाड्याने घेतला आणि मला फोन केला, "आई, सुम्ने, नुसता आराम करा एक दिवस." कसला आराम! गाडीतून उतरल्या उतरल्या तिथला राखणदार म्हणाला, "अम्मा, चेळू इदे. चपला झटकून घाला." चेळू म्हणजे विंचू. माझी नात नुकती रांगायला लागलेली. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

मग मी कोणाला बसू दिलं नाही. तंबूभोवतीचे दगड जावयांना लांब टाकायला लावले, सरपणाचा ढीग हलवायला लावला. मी पालापाचोळा झाडला, चपला पिशवीत बांधून टांगल्या, गोधड्या झटकल्या, पुन्हा झटकल्या. "आई, तुम्हाला बघून विंचूच पळून जाईल," जावई म्हणाले. मुलगी हसली. हसा मेल्यांनो, मी मनात म्हटलं.

दिवस मावळायला आला तेव्हा दिसलं, तंबूच्या दाराची चेन गेलेली. लावली की मागून उघडतेय! पण आम्ही पिढीजात शिंपी. चामराजपुरमच्या दुकानात मी अजून मशीनवर बसते. सुईदोरा पर्समध्ये असतोच. सगळ्यांना आत घेतलं आणि खालपासून वरपर्यंत दार शिवून टाकलं. आता ये म्हटलं, बघू कसा येतोस.

जरा टेकले, तोच नात किंचाळली. तिच्या मांडीवर लाल ठिपका, त्यावर रक्ताचा थेंब.

"अय्यो, चेळू!" मुलीने तिला छातीशी धरलं. जावई दार ओढायला लागले. माझे टाके ते, ओढून थोडेच तुटतात! मी कात्री शोधत होते. एवढंसं लेकरू, म्हैसूरचं हॉस्पिटल कुठल्या कुठे, आणि दार मीच बंद करून ठेवलेलं.

काम झालं की सुई ब्लाउजच्या खांद्यावर खोचायची, ही माझी सवय. हात आपोआप तिथे गेला. सुई नव्हती.

विठ्ठला, सुईच असू दे रे. माझीच सुई असू दे.

गुडघ्यांवर बसून गोधडी चाचपली. नात बसली होती तिथेच, घडीत काळा दोरा दिसला. ओढला तर सुई आली. टोक लाल होतं.

मी ती सगळ्यांसमोर धरली. जावई मटकन खाली बसले. मुलगी मात्र कडाडली, "आई, आम्हाला दिवसभर नाचवलंस आणि स्वतः सुई टाकून दिलीस? लेकराच्या डोळ्यात गेली असती तर?"

"बोल बाई, अजून बोल," मी म्हटलं आणि रडत सुटले. चूक माझी निघाली म्हणून एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता.