खळमावशींनी शिवलेला आठवा खंड

खळमावशींनी रागाच्या भरात आठवा खंड टराटरा फाडला, ही बातमी आमच्या इमारतीत सकाळच्या चहाबरोबर फिरली आणि दुपारपर्यंत तिला शेपूटही फुटलं. म्हणे फाडून शेगडीत घातला, म्हणे घालताना लेखकाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

बातमी कोणी पसरवली हे विचारू नका. आमच्या जिन्याच्या वळणावर एक खिडकी आहे, तिथून मावशींची तळमजल्यावरची खोली सरळ दिसते, आणि नेमका त्या वळणावर मला दम लागतो. दम खाताना डोळे काही मिटून घेता येत नाहीत. मी पाहिलं ते एवढंच, की मावशींनी एका जाडजूड, जवळजवळ नव्या पुस्तकाच्या पाठीत सुरी घातली, पुठ्ठा सोलून काढला आणि आतली पानं गठ्ठ्यागठ्ठ्यानं सुटी केली. शेगडी आणि सात पिढ्या ही माझ्या पदरची भर.

"अहो, त्या बाइंडर आहेत," बायको म्हणाली. "पुस्तक उसवल्याशिवाय शिवणार कसं? न्हाव्याच्या हातात वस्तरा दिसला तर तुम्ही खून झाला म्हणून ओरडत सुटाल."

खरंच होतं ते. मावशींच्या हाताला बारा महिने खळीचा वास येतो, म्हणून त्या खळमावशी. नवऱ्यानं सुरू केलेला बाइंडिंगचा उद्योग त्याच्या मागे त्यांनी चालवला. खोलीत निम्मी जागा दाबयंत्रानं खाल्लेली. त्याचं वरचं चाक जहाजाच्या सुकाणूएवढं, आणि ते फिरवून फिरवून मावशींचे दंड असे झालेत, की आमच्या घरच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं तर बायको मला हाक मारत नाही, बरणी घेऊन खाली जाते.

कोपऱ्यावरच्या वाचनालयाचं प्रत्येक पुस्तक कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलंय. वाचतातही त्या, पण त्यांचा एक नियम आहे. धडधाकट पुस्तकाला त्या हात लावत नाहीत. दुरुस्तीला आलेलंच वाचायचं, तेही शिवून पक्कं झाल्यावर. "फाटलं म्हणजे लोकांनी मनापासून वाचलं. तुमच्या त्या मासिकातल्या परीक्षणापेक्षा मला फाटकी पाठ बरी कळते," असं त्यांनी मला एकदा सुनावलं होतं. ते परीक्षण मी लिहिलेलं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं मी धरून चालतो.

पण त्या महिन्यात मावशींचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. वाचनालयाच्या चिटणिसांच्या डोक्यात यंत्रावरची बांधणी शिरली होती. तिथे म्हणे पुस्तक एका तोंडातून आत जातं आणि दुसऱ्या तोंडातून पावासारखं चौकोनी होऊन बाहेर येतं. महिनाअखेरच्या सभेत ठरणार होतं, काम मावशींकडे ठेवायचं की यंत्राकडे द्यायचं. वाचनालय गेलं तर मावशींकडे उरणार शाळेच्या चार वह्या आणि माझा फाटका शब्दकोश. लेक बोलावत होती, "माझ्याकडे येऊन राहा." मावशींचं एकच उत्तर असायचं, "तुझ्या लिफ्टमध्ये दाबयंत्र मावत नाही."

आता आठव्या खंडाविषयी. 'तेरा नद्यांची गाथा' ही आमच्या सगळ्या गल्लीला लागलेली सवय आहे. राजे, जादूगार, बोलणारी अस्वलं, आणि दर खंडात एक नदी ओलांडायची. सात खंडांपर्यंत लोक तहानभूक विसरून वाचत होते. नाही म्हणायला सातवा जरा पातळ होता. आठवा आला आणि वाचकांची दोन घराणी झाली.

समोरच्या इमारतीतल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी तो विकत घेतला होता. त्या संतापल्या. "अख्खा खंड सैन्य काठावर बसून नावेची वाट बघतंय! घोडे पाणी पितात, परत तहानतात, परत पितात. मी माणसाचा दात उपटते त्यात जास्त घडामोडी असतात."

वाचनालयाची प्रत वाचणारे आम्ही मात्र थक्क झालो होतो. आमच्या खंडात काय नव्हतं! म्हातारा राजा ऐन मध्यावर मरत होता आणि पुढच्याच प्रकरणात टुणकन उठून आज्ञा सोडत होता. नाव आधी बुडत होती, मग बांधली जात होती. एके ठिकाणी पानाच्या शेवटी होतं, 'सेनापतीनं म्यानातून तलवार उपसली आणि', आणि पान उलटल्यावर, 'दूध उतू जाऊ नये म्हणून त्यात चमचा ठेवला.' मी शहारलो. त्या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारली. वाचनालयाच्या पुस्तकावर रेघ मारू नये ही पाटी दारातच आहे, पण प्रतिभेपुढे पाटी काय करणार?

सभेला सगळे जमले. मावशींना आत बसा म्हटलं तर त्या दाराबाहेरच्या बाकावर बसल्या, दार ओढून घेऊन. मला वाटलं, आपल्या कामाचा निकाल ऐकायचा धीर होत नसेल. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते पुसून मी आठव्या खंडावर बोलायला उभा राहिलो.

मी काय बोललो ते इमारतीत अजून नकला करून दाखवतात. "राज्य मोडलं म्हणून वाक्य मोडलं!" असं मी म्हणालो. "राजा मरतो, पण आज्ञा मरत नाही. काळाचं चक्र लेखकानं उलटं फिरवलंय. आणि तलवारीनंतर दूध! हिंसेच्या कुशीत घर! हे सोप्या वाचकांना कळायचं नाही." सोप्या वाचकांवर येताना मी डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. चिटणीस मान डोलवत होते. चार टाळ्या पडल्या, त्यांतली एक बायकोची होती. ती डास मारत होती हे नंतर कळलं.

डॉक्टरीणबाई शांतपणे उठल्या. पिशवीतून स्वतःची प्रत काढून त्यांनी टेबलावर ठेवली, वाचनालयाची प्रत शेजारी उघडली आणि रुग्णाला आ करायला सांगतात त्या आवाजात म्हणाल्या, "इकडे या. तलवार बघा. 'तलवार उपसली आणि ती नदीत फेकली.' हे माझ्याकडे. आणि दूध बघा. 'म्हातारीनं भांडं चुलीवर चढवलं आणि', पुढे तुमचा चमचा. दोघांच्या मध्ये दीडशे पानं आहेत. तुमचा राजा मेल्यावर उठलेला नाही, भाऊ. तुमच्या पुस्तकाचे फर्मे उलटसुलट शिवलेत."

फर्मे म्हणजे शिवणीसाठी घडी घातलेले पानांचे गठ्ठे. एवढं मला त्या दिवशी कळलं. मी विमा कचेरीत लोकांच्या अर्जांतल्या चुका शोधतो, हे इथे सांगून टाकतो. बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं.

"पण पानांचे आकडे?" कोणीतरी विचारलं. पाहतो तर आकडेच नव्हते. आम्ही तेही लेखकाचं धाडस समजलो होतो.

चिटणिसांना हवंच होतं ते मिळालं. त्यांनी दार उघडून मावशींना आत बोलावलं. "हे काय शिवलंय तुम्ही? यंत्रानं असं केलं नसतं."

मावशींनी पुस्तक घेतलं, पाठीवरून अंगठा फिरवला, पण उघडलं नाही. डॉक्टरीणबाई दाखवायला सरसावल्या, "हे बघा ना, इथे म्हातारा…"

"थांबा!" मावशींनी तळहात पुढे केला. "कोण काय करतं ते सांगू नका. उलटसुलट झालंय म्हणता ना? मग झालं असेल. चूक माझी."

"वाचता येत नाही का तुम्हाला?" चिटणीस म्हणाले.

मावशींचे कान लाल झाले.

"येतं. म्हणून तर झालं," त्या म्हणाल्या. "पुस्तक भिजून आलं होतं. खालची कड सडलेली. ती कापली, तिच्याबरोबर आकडे गेले. दाबयंत्राकडे नेताना गठ्ठा हातातून सुटला. आता आकडे नसले म्हणजे एका फर्म्याचा शेवटचा शब्द आणि दुसऱ्याचा पहिला शब्द जुळवून लावायचं, ही रीत. पण माझा सहावा चालू आहे. सातवा तर अजून कोणी फाडलेलाच नाही. आठव्यातला एक शब्द जरी डोळ्यांखालून गेला असता तरी कोण जगलं, कोण मेलं ते कळलं असतं. म्हणून मी डोळे बारीक केले आणि अंदाजानं लावले. कामात असं करायचं नसतं. मी केलं."

मग घसा साफ करून म्हणाल्या, "पुस्तक भिजवलं कोणी, ते मी विचारलेलं नाही."

नवा खंड आला की पहिला घरी न्यायचा मान चिटणिसांचा असतो. चिटणिसांना एकदम ठसका लागला. त्यांच्या न्हाणीघरात पुस्तकं ठेवायचा कोनाडा आहे, हे इमारतीला कसं माहीत, तेही विचारू नका.

मी उठलो आणि मावशींची बाजू घेतली. माणुसकी वगैरे काही नाही. मावशींना काढलं तर ती चूक सभेच्या वहीत चढणार, आणि तिच्या खाली माझं भाषण. "सहाव्यात असलेल्या माणसाला आठव्यातलं वाचायला लावणारं काम हे काम आहे का?" मी गरजलो. "आपल्यापैकी कोणाची हिंमत झाली असती?"

गंमत म्हणजे ते लोकांना पटलं. शेवट कळू नये म्हणून कानात बोटं घालून जिना उतरणारी माणसं ती. हात वर व्हायला लागले. चिटणिसांनी ठसका आवरता आवरता स्वतःचाही वर केला. काम मावशींकडेच राहिलं. डॉक्टरीणबाईंनी फक्त एक अट घातली. पुस्तकाचे आकडे गेलेले असले तर फर्मे लावताना एका वाचकानं शेजारी बसायचं. आणि या वेळी त्यांनी बोट माझ्याकडे केलं. "भाऊंना बसवा. यांना उलट काय नि सुलट काय, एकदा शिकू दे."

"चालेल," मावशी म्हणाल्या. "पण तोंड बंद ठेवून."

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत डॉक्टरीणबाईंची प्रत मांडीवर घेऊन बसलो. मावशींनी आठवा खंड पुन्हा उसवला. मी जुळवून फर्मा पुढे करायचा, त्यांनी नजर भिंतीकडे ठेवून सुई घालायची. शेजारी माझा शब्दकोश सुटा करून ठेवलेला, त्याची पाळी नंतर. खळ शिजत होती. आणि मी, ज्यानं शेजाऱ्यांची एवढीशी गोष्ट पोटात ठेवली नाही, तो एका अख्ख्या खंडाचा शेवट पोटात घेऊन गप्प बसलो होतो. जिन्यावरून बायको दोनदा डोकावून गेली. मी जिवंत आहे का, ते बघायला असेल.

शेवटचा फर्मा हातात आला. सरळ क्रमानं वाचल्यावर माझा मोठा विरस झाला होता. सैन्य खरंच नुसतं बसलेलं होतं. मला राहवेना.

"मावशी, खरं सांगू? तुम्ही शिवलेलाच बरा होता. आता या शेवटच्या पानावर बघा, तो नावाडी…"

मावशींची सुई हवेत थांबली. नजर भिंतीवरून हलली नाही. डावा हात तेवढा माझ्या शब्दकोशाच्या गठ्ठ्यावर आला.

"भाऊ, आणखी एक अक्षर काढलंत, तर हा तुमचा शब्दकोश असा शिवीन की जन्मभर बोलायला शब्द सापडायचा नाही."