हाडांच्या मैदानावरची बाग

आमच्या गावच्या बागेत आता लोक पोरंबाळं घेऊन चिवडा खायला जातात. जावं, माझं काही म्हणणं नाही. पण ती बाग डोकी फोडून उभी राहिली आहे, आणि जी फुटली त्यांतलं एक माझ्या नवऱ्याचं होतं. त्यामुळे कोणी मला तिथल्या गुलाबांचं कौतुक सांगू लागलं की माझं माथं तापतं.

सत्तावन्न सालचा उन्हाळा. आदल्या वर्षी आमचा सगळा मोहल्ला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव तसं लहान, पण नगरपालिका होती आणि तिला अध्यक्ष होते. हे अध्यक्ष कोणाच्या तरी लग्नाला समुद्रकाठच्या एका शहरात गेले, तिथली बाग पाहून आले आणि त्यांनी गावात तशीच बाग करायचं डोक्यात घेतलं. तिथं लोक बाकड्यांवर बसून समुद्र पाहतात. इथं समुद्र कुठून आणणार, म्हणून बाकडी नाल्याकडे तोंड करून बसवायची ठरली. उन्हाळ्यात त्या नाल्यात बेडूकही टिकत नसे. ओव्हरसीयर आला, नकाशा झाला, आणि कारंजं गोल असावं की चौकोनी यावर कमिटी महिनाभर भांडत बसली.

जागा निवडली ती आमच्या घरांच्या ओळीला लागून असलेलं मोकळं मैदान. गावात ढोर मेलं की आमची माणसं त्याच्या पायांना दोर बांधून तिथं ओढून नेत आणि तिथंच सोलत. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलेलं. दीक्षेनंतर आम्ही ते सोडलं. मैदान ओस दिसू लागलं आणि कमिटीला वाटलं, आयती जागा मिळाली. मेलेली ढोरं आता कोण नेणार आणि कुठं टाकणार, हा प्रश्न कारंज्यावर भांडणाऱ्या एकाही शहाण्याला पडला नाही. कुदळ मारली की हाडं निघत, त्यामुळे खणायला गावातलं दुसरं कोणी येईना. म्हणून बागेचं काम आमच्याच वाट्याला आलं. मी लग्न होऊन आलेली नवी सून. नवरा आणि सासरे खणत, आणि मी डोक्यावरून मातीची घमेली वाहत असे.

ढोर ओढायला नाही म्हटल्यापासून गाव आमच्यावर खार खाऊन होतं. दुकानदार मीठ देईना. पाण्याला निघालं की आडोशातून दगड येत. माझ्या पाठीत बसलेल्या एका दगडानं मी घागरीसकट तोंडावर पडले होते. उठून मी तोच दगड उचलून परत मारला. कोणाला लागला माहीत नाही, पण पलीकडून शिवी आली तेव्हा मला बरं वाटलं.

बागेच्या उद्घाटनाला वर्ध्याहून मोठे साहेब यायचे होते. त्याच्या आदल्या आठवड्यात अध्यक्षांचा बैल मेला. त्यांच्या गड्यांनी तो बैलबंडीच्या मागे बांधून फरफटत आणला आणि बागेच्या फाटकात, म्हणजे आमच्या दारासमोर, टाकून दिला. पायांना बांधलेला दोर तसाच ठेवला, आम्हाला धरायला. वैशाखाचं ऊन होतं. बैलाचं पोट फुगलं, मग कुत्र्यांनी फाडलं. लेकरं खाल्लेलं ओकून टाकू लागली. तरी आम्ही कोणी हात लावला नाही.

मग अध्यक्ष स्वतः आले, सोबत काठ्या घेतलेले गडी. सासऱ्यांना पुढे बोलावून म्हणाले, "नकाशात तुमच्या घराईची ओळ बागेत जाते. अजून पक्कं नाई केलं मी. बैल ओढून न्या, घरं राहतीन. नाई ओढला, तं पावसाच्या आधी पाडतो."

सासरे काही बोलण्याआधी माझा नवरा म्हणाला, "बैल तुमचा, दोर तुमचा. तुमीच ओढा."

पहिली काठी त्याच्या कानशिलावर बसली. तो वाकला तशी दुसरी टाळूवर. मी तोपर्यंत माणसाचं रक्त इतकं उडताना पाहिलं नव्हतं. तो मातीत पडल्यावरही ते थांबले नाहीत, लाथा घालत राहिले. आमची दोघं-तिघं धावून आली, त्यांतल्या एकाचा दात पडला, एकाच्या खांद्याचं हाड निखळलं. अध्यक्ष बाजूला उभे राहून धोतराला शिंतोडे उडू नयेत म्हणून मागे मागे सरकत होते.

तेवढ्यात मला सासरे दिसले. ते खाली मान घालून बैलाकडे चालले होते. आमचं घर त्यांनी स्वतः चिखल तुडवून बांधलं होतं, एकेक भिंत उन्हात वाळवत. ते घर जाणार या एका विचारानं त्यांचं बाकी सगळं पुसून टाकलं असावं. मी आडवी गेले. "मामाजी, नका."

"घर राहू दे, बाई. एकच बैल हाय. हा ओढतो अन् मंग नाई ओढत."

त्यांनी वाकून दोराला हात घातला. मला तेव्हा त्यांचा भयंकर राग आला, अध्यक्षांचा आला त्याहून जास्त. एक ओढला की दुसरा येणार होता, तिसरा येणार होता, आणि माझा नवरा मातीत पडला होता तो फुकट. शेजारी कुदळीचा दांडा पडला होता. मी तो उचलला आणि माझ्या सासऱ्यांच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज मला हातातल्या लाकडातून कळला.

सासऱ्यांपुढे तोवर मी डोक्यावरचा पदरही कधी ढळू दिला नव्हता. गडी काठ्या तशाच धरून बघत राहिले. अध्यक्ष म्हणाले, "चला, पागल झाली हे बाई," आणि सगळे निघून गेले. साहेब यायच्या आदल्या दिवशी अध्यक्षांच्याच गड्यांनी नाकाला फडकी बांधून तो सडका बैल ओढून नेला.

आम्ही नवऱ्याला आणि सासऱ्यांना बंडीत घालून सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं. नवऱ्याच्या डोक्याला टाके पडले, सासऱ्यांच्या हाताला प्लास्टर. सासूनं मला शिव्यांची लाखोली वाहिली. सासरे काहीच बोलले नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं. मी भाकर वाढायची, ते डाव्या हातानं खायचे आणि उठून जायचे. मला वाटायचं, आता हे मला माहेरी पोचवून देणार. केलं त्याचा पस्तावा मला नव्हता. पण या माणसानं माझ्याशी कधीच बोलू नये, हे सोसवत नव्हतं.

अध्यक्षांनी शब्द पाळला. पावसाच्या तोंडावर नगरपालिकेची माणसं पहारी-सब्बली घेऊन आली आणि आमची ओळ पाडू लागली. भिंत कोसळली की धुरळ्यातून कोणाच्या तरी रडण्याचा आवाज यायचा. आमच्या घरावर घाव पडू लागले तेव्हा मी पाडणाऱ्याच्या अंगावर धावले, तर त्यानं मला ढकलून पडलेल्या भिंतीच्या मातीवर पाडलं. त्यांचा मुकादम सासऱ्यांना म्हणाला, "म्हातारबा, येक बैल ओढला असता तं आज हे घर उभं राह्यलं असतं."

सासऱ्यांनी प्लास्टरचा हात वर करून त्याला दाखवला. "ओढाले हात कुठी होता माहा? सुनेनं मोडला."

एखादा म्हातारा सुनेच्या हातच्या भाजीचं कौतुक सांगतो, तसं ते त्यांनी चारचौघांत सांगितलं. मग ढिगाऱ्यात पडलेल्या दाराच्या चौकटीखाली डावा हात घातला आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, "धर बाई, तिकडून."