पंधरा तारखेची चक्कर

आमच्या आत्याला साखरबाईचं काहीच खपत नाही. तिचं हसणं खपत नाही, तिच्यामागचा पिवळा दिवा खपत नाही, आणि ती प्रत्येक वेळी 'मी आपलं सुचवते हं, चुकलं तर सांभाळून घ्या' म्हणते, ते तर अजिबातच नाही.

'चुकलं तर म्हणे,' कॅमेरा बंद झाला की आत्या म्हणते. 'कधी चुकलीय का मेली?'

आत्या औषधांच्या कंपनीत आहे. नवी गोळी बाजारात आणण्याआधी ती काही लोकांना देऊन बघतात आणि कोणाला कधी काय झालं ते लिहून ठेवतात. ते नीट लिहिलंय का, हे आत्या तपासते. साखरबाई दुसऱ्या कंपनीत तेच तपासते. हे नाव आत्यानेच ठेवलेलं. पूर्वी दोघी एकाच कंपनीत, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसायच्या. मग साखरबाई सोडून गेली आणि तिकडे प्रमुख झाली. आत्या त्याच टेबलाशी. 'आता दोन्ही बाजू तुझ्याच की,' असं बाबा म्हणतात. ते तिचे धाकटे भाऊ, बोलणी खायची सवय आहे.

गेल्या वर्षी सात कंपन्यांनी मिळून एक समिती केली. सगळ्यांनी एकाच पद्धतीने लिहायचं, आणि जुन्या चाचण्यांची माहिती, रुग्णांची नावं काढून, एकमेकांना उघडी करायची. पुढे ती लोकांनाही बघता येणार. बैठका कॅमेऱ्यावर. आत्या मागच्या खोलीत चादरींच्या कपाटासमोर बसते, साखरबाईच्या मागे पुस्तकांची भिंत. तिसऱ्या बैठकीनंतर आत्याने तसाच पिवळा दिवा आणला. त्याचा उजेड नेमका चादरींवर पडला आणि अध्यक्षांनी काळजीने विचारलं, 'म्हणजे कसं आहे ना मॅडम, आपण दवाखान्यात आहात का?'

साखरबाई गोड हसली. दिवा आठवडाभर कपाटात होता.

खरं भांडण मात्र तारखेवरून झालं. लोकांना तारखा आठवत नाहीत. 'मार्चात कधीतरी चक्कर यायला लागली,' असं सांगतात. रकाना रिकामा राहू नये म्हणून आत्याने फार पूर्वी नियम केला: नुसता महिना सांगितला तर मधली तारीख टाका, पंधरा. ऑफिसात तो तिच्या नावाने ओळखतात. तिच्या नावाने ओळखावं असं तिथे दुसरं काही नाही.

साखरबाईने समितीत सुचवलं, 'माणसाने सांगितलं तेवढंच लिहावं. महिना सांगितला, महिना लिहा. तारीख आपण कशाला घालायची?'

'म्हणजे कसं आहे ना, छान आहे,' अध्यक्ष म्हणाले. निर्णय पुढच्या बैठकीत.

'रिकामं ठेवायला अक्कल लागत नाही,' आत्या जेवताना म्हणाली.

'ताई, राहील गं तुझा नियम.'

'तू जेव.'

रविवारी तिने साखरबाईच्या कंपनीची जुनी चाचणी उघडली. हेतू शुद्ध होता: एक तरी चूक सापडावी. दोन्ही कंपन्यांची गोळी रक्तदाबाचीच होती, जवळजवळ सारखी. तिकडच्या चाचणीत चक्कर येणारे बरेच निघाले. 'बघ, हिची गोळी लोकांना गरगर फिरवते,' आत्या खुशीत म्हणाली. मग आकडे पुन्हा वाचायला लागली. सारखीच गोळी, मग आपल्याकडे चक्कर का नाही?

तिने स्वतःची चाचणी उघडली. चक्करेच्या तारखा एकाखाली एक लावल्या. पंधरा, पंधरा, पंधरा.

'माणूस म्हणाला मार्चात,' ती मला बोटांवर समजावत होती, पण बघत होती भिंतीकडे. 'आपण लिहिलं पंधरा मार्च. गोळी सुरू झाली वीसला. म्हणजे चक्कर आधीचीच, गोळी निर्दोष. पण त्याला आली असेल पंचवीसला, तर?'

गोळी दुकानात विकली जात होती. पाकिटातल्या कागदावर चक्करेचं नाव नव्हतं.

सोमवारी तिने साहेबांना सांगितलं. साहेब सगळं तीनदा बोलतात. 'बघू, बघू, बघू. बैठक होऊन जाऊ दे. एवढं खोलात कोण जातंय?'

'ती जाते,' आत्या म्हणाली.

तिथून पुढे तिला दुसरं काही सुचेना. आपली चाचणीही तिकडे उघडी आहे. 'ती हळूच हात वर करणार,' आत्या म्हणाली, आणि मान तिरपी करून, आवाज साखरेत घोळवून, 'मी आपलं विचारते हं, या सगळ्यांना पंधरालाच कशी बाई चक्कर आली?' इतका हुबेहूब आवाज की माझाच जळफळाट झाला. नकला हा घरात माझा प्रांत आहे.

'मग तूच सांगून टाक,' बाबा म्हणाले.

'साहेब टेबल काढून घेतील.'

'आणि नाही सांगितलंस तर?'

'तर ती सांगेल,' आत्या म्हणाली. टेबल गेलेलं परवडलं, असा तिचा चेहरा होता.

बैठकीत अध्यक्षांचं 'म्हणजे कसं' एवढंच झालं होतं, तेवढ्यात आत्या बोलली. 'आमचा तारखेचा नियम चुकीचा आहे. तो मी केला. आमच्या गोळीने चक्कर येते आणि आम्ही ती गोळीच्या आधीची धरली. सगळं पुन्हा मोजायला हवं, पाकिटातला कागदही बदलायला हवा.'

बैठकीला बसलेल्या साहेबांचा पडद्यावरचा चौकोन काळा झाला. पण सहा कंपन्यांनी ऐकलं होतं, आता 'बघू' म्हणायला जागा नव्हती. अध्यक्ष 'म्हणजे कसं आहे ना' म्हणाले आणि पहिल्यांदाच त्याच्यापुढे काही आलं नाही.

मग साखरबाई बोलली. 'अगं,' ती म्हणाली. बैठकीत ती सगळ्यांना अहो म्हणते. 'आम्हीही तारीख टाकायचो. आम्ही पहिली टाकायचो. दोन वर्षांपूर्वी लक्षात आलं, तेव्हा सगळं पुन्हा मोजून काढलं. कसं करायचं ते मी सांगते तुला, एकटी करू नकोस.'

आत्याने आभार मानले, सगळे दात दाखवून. कॅमेरा बंद केला आणि चादरींकडे बघत बसली.

'काय झालं?' बाबांनी दारातून विचारलं.

'नियम गेला.'

'आणि टेबल?'

'ते उद्या कळेल.'

'मग चिडलीस कशावर?'

'चुकलीसुद्धा माझ्याआधी,' आत्या म्हणाली, आणि दिव्याचं बटण दाबलं.