झोप सांभाळणारा दिगंबर

दिगंबर झोपलेल्या माणसाला कधी हाक मारत नसे. तो पेलाभर पाणी आणायचा, उशाशी स्टूल ओढायचा, खांद्याला हलकेच एक बोट लावायचा आणि मग गप्प बसून राहायचा. माणूस डोळे चोळेल, पाणी पिईल, आपण कुठे आहोत हे त्याला आठवेल, तोवर दिगंबर तोंड उघडायचा नाही. मी दुपारचा शेडमध्ये लवंडलेला असलो आणि गिऱ्हाइकाचा फोन आला, तर ते बिचारं तिकडे नुसतं "हॅलो, हॅलो" करत राही.

"अरे, जरा लवकर उठवायचं ना!" मी खेकसायचो.

"वकीलसाहेब, आत्ता उठलेला माणूस काय बी बोलतो. तुम्ही तर जागेपणी बी बोलता. मंग झोपेतून उठल्यावर काय व्हायचं गिऱ्हाइकाचं?"

मी काही वकील नव्हतो. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत गुलाबशेठची एक पत्र्याची शेड होती, तिथला माल विकणं हे माझं काम. बोलतो फार, म्हणून दिगंबरनं मला वकील केलं होतं. आमच्या शेडमध्ये काँप्युटरात बसवायचं एक कार्ड तयार व्हायचं. शीतगृहात सोडलेल्या तारांमधून ते तिथलं तापमान घ्यायचं. आकडा स्क्रीनवर दिसायचा आणि प्रमाणाबाहेर गेला की भोंगा वाजायचा. जालना हे बियाण्यांचं गाव. बियाणं थंड राहिलं पाहिजे, नाहीतर ते दिसायला तसंच दिसतं आणि मातीत गेल्यावर दगा देतं.

दिगंबर मूळचा वडीगोद्रीचा, शेतकऱ्याच्या घरातला. औरंगाबादेत इंजिनियर झाला, हैदराबादेत नोकरी केली आणि "तिथं बोलायला कुणी न्हाई" या कारणावरून परत आला. इथे येऊनही तो फारसा बोलला नाही, हा भाग निराळा. तो आता नाही. पण उन्हाळ्यात वीज गेली की मला अजून तोच आठवतो.

कारण त्याचं सगळं काम विजेच्या जाण्याशी बांधलेलं होतं. त्या वर्षांत भारनियमन म्हणजे तासन् तास अंधार. वीज गेली की आमचा काँप्युटर बॅटरीवर चालायचा आणि बॅटरी बघता बघता आटायची. काँप्युटर आणि कार्ड यांच्यामध्ये एक वाट असते. तिच्यावरून काही जात-येत नसलं तरी नुसती जागी ठेवायला तिला वीज लागते. म्हणून बॅटरीवर असताना काम नसेल तेव्हा वाट झोपवायची आणि काम पडलं की उठवायची. हे झोपवणं-उठवणं करणाऱ्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर म्हणतात आणि आमचा ड्रायव्हर दिगंबर लिहायचा.

"झोपेच्या दोन तऱ्हा," तो मला समजावायचा. "हलकी झोप असली तर वाट लगेच उठती, पण वीज वाचत न्हाई. गाढ झोपवली तर वीज वाचती, पण उठायला वेळ लागतो. ती पुरती उठायच्या आत कार्डाला आकडा विचारला तर काँप्युटरला नुसता कचरा मिळतो. म्हणून उठवायचं आणि थांबायचं."

हे शिक्षण त्याला काँप्युटरनं दिलं की माझ्या दुपारच्या झोपेनं, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

होळीच्या सुमारास आमची पेटी, म्हणजे कार्ड बसवलेला काँप्युटर आणि भोंगा, पहिल्यांदा एका खऱ्या शीतगृहात लागली. ते वैद्य मॅडमचं. मॅडम कापसाचे नवे वाण तयार करायच्या आणि त्या वाणांचं मूळ बियाणं त्यांनी तिथे कापडी पिशव्यांत जपून ठेवलं होतं. ते गेलं असतं तर बाजारात विकत मिळणारं नव्हतं. अर्ध्या आयुष्याचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं असतं. पेटी ठेवायची की नाही हे महिनाभर बघून त्या ठरवणार होत्या.

आणि एका रणरणत्या दुपारी वीज गेली, पेटी बॅटरीवर आली आणि थोड्याच वेळात स्क्रीनवर असा आकडा आला की त्या तापमानाला लोखंडसुद्धा वितळावं. भोंगा बोंबलू लागला. राखणदार शेषराव इमानी माणूस. आत बियाणं जळून राह्यलंय म्हटल्यावर त्यानं काय करावं? हवा लागावी म्हणून शीतगृहाची दोन्ही दारं सताड उघडली! बाहेर जालन्याची दुपार. ती आनंदानं आत शिरली.

फोन आल्यावर मी आणि दिगंबर स्कूटरवर पोचलो तोवर आत खरोखरच उकडायला लागलं होतं. दारं लावली. मॅडम पांढऱ्याफटक पडल्या होत्या. मी घसा साफ केला. "मॅडम, त्याचं काय आहे, वीज जाताना कधीकधी जो झटका बसतो ना..."

"झटका बिलकुल न्हाई," शेजारून आवाज आला. "माझ्या प्रोग्रॅमची चूक हाये. कोणती ते अजून ठावं न्हाई."

मी त्याच्या पायावर पाय दिला. त्यानं पाय काढून घेतला, इतकंच.

मॅडमनी प्रत्येक पिशवीतलं थोडं थोडं बी काढून ओल्या कागदात गुंडाळलं. ते उगवतं की नाही हे कळायला आठवडा लागणार होता. त्या आठवड्यात दिगंबर नीट जेवला असेल असं वाटत नाही. गुलाबशेठ मात्र रोज जेवत होते आणि रोज ओरडत होते. "झोपवायची भानगडच बंद कर! मोठी बॅटरी देऊ!"

"वेडा आकडा आला की टाकून द्यायचा. दुसऱ्यांदा विचारायचं," मी सुचवलं.

"पहिला खोटा बोलला म्हणून सोडला, तर दुसरा खरा बोलला हे कशावरून?" दिगंबर म्हणाला. "आणि इथं शेडमध्ये हे कधीच झालं न्हाई. का न्हाई झालं?"

का नाही, ते नाटक केल्यावर कळलं. माझीच कल्पना. आम्ही तिघं टेबलाभोवती बसलो. मी स्क्रीन, गुलाबशेठ भोंगा, दिगंबर मधली वाट. मी हात उंचावून विचारलं, "हे वाटे, ऊठ! तापमान सांग!" दिगंबर उठला, थांबला, आकडा म्हणाला. तेवढ्यात शेठनी विचारलं, "गरमी किती?" तो तोंड उघडतोय तोच मी म्हणालो, "माझं काम झालं, झोप आता!" दिगंबरनं लगेच टेबलावर डोकं टेकलं.

"अरे, मी विचारून राह्यलो ना!" शेठ भडकले. "झोपतोस काय?"

टेबलावरचं डोकं तसंच राहिलं. मग तो सावकाश उठून बसला. "सापडलं," तो म्हणाला.

स्क्रीनचा आणि भोंग्याचा असे दोन प्रोग्रॅम एकाच वाटेवरून विचारपूस करायचे. स्क्रीनचं काम संपलं की तो वाट झोपवून मोकळा व्हायचा. भोंग्याचा प्रश्न अर्ध्यात असला तर त्याच्या पदरी कचरा पडायचा आणि तोच आकडा स्क्रीनवर झळकवून तो बोंबलायचा. उठवण्याची दिगंबरनं इतकी काळजी घेतली होती की झोपवताना आणखी कुणाचं काम चालू आहे का, हे पाहायचं राहूनच गेलं. आणि शेडमध्ये हे कधी दिसलं नाही, कारण आम्ही तिथे भोंगा कधी जोडलाच नव्हता. त्यानं गुलाबशेठची दुपारची झोप मोडायची!

शेठ चहा सांगायला म्हणून उठून बाहेर गेले.

दिगंबरनं ड्रायव्हर बदलला. आता जो येईल त्यानं "मी आहे" म्हणून नोंदवायचं, जाताना "मी चाललो" म्हणायचं आणि शेवटचा गेल्याशिवाय वाट झोपवायची नाही.

आठवड्यानं आम्ही मॅडमकडे गेलो. त्यांनी कागदाची गुंडाळी उलगडली. पांढरे कोंब! मी टाळ्या वाजवणार होतो. दिगंबर न उगवलेल्या बियांकडे बोट दाखवून म्हणाला, "मॅडम, ह्या इतक्या नेहमीच न उगवता ऱ्हातात का?"

"नेहमीच."

बाकीच्या गुंडाळ्याही तशाच निघाल्या, तेव्हा तो तिथेच जमिनीवर बसला.

"पेटी दुरुस्त झाली असेल तर लावून टाका," मॅडम म्हणाल्या. गुलाबशेठ माझ्याकडे बघून हसले.

"न्हाई," दिगंबर म्हणाला. "ह्या बियाण्यावर आत्ताच न्हाई. आधी आमच्या घरच्या ज्वारीवर हा उन्हाळा जाऊ द्या."

शेठचं हसू तोंडावर तसंच वाळलं.

मग वडीगोद्रीहून पोतंभर ज्वारी आली. तिला शेडमधल्या जुन्या फ्रीजमध्ये मानानं बसवलं आणि पेटीची राखण लावली. रोज वीज गेली की दिगंबर फ्रीजचं दार मुद्दाम उघडायचा आणि भोंगा वाजतो का ते बघायचा. तो वाजायचा. फक्त तेव्हाच वाजायचा. शेठ बाकड्यावरून दचकून उठायचे आणि दिगंबर पाण्याचा पेला घेऊन हजर. "मला पाणी नको, नोकर बदलून पाहिजे!" शेठ म्हणायचे, आणि पाणी प्यायचे.

उन्हाळा सरता सरता आम्ही पेटी घेऊन पुन्हा शीतगृहावर गेलो. मॅडमनी विचारलं, "आता खात्री आहे?"

मी पुढे सरसावणार, एवढ्यात दिगंबर म्हणाला, "खात्री म्हणाल तर न्हाई, मॅडम. पण चुकायच्या जेवढ्या जागा ठावं होत्या, तेवढ्या बंद केल्यात. ठावं नसलेल्या ऱ्हाल्या असतील."

विक्री सांभाळणाऱ्या माणसाच्या कानाला हे वाक्य कसं लागतं, ते काय सांगू! मॅडमनी दाराशेजारी टांगलेला जुना पाऱ्याचा थर्मामीटर खिळ्यावरून काढला, पदरानं पुसला आणि पर्समध्ये ठेवायला लागल्या.

दिगंबरनं हात पुढे केला. थर्मामीटर त्यांच्याकडून घेतला आणि पुन्हा खिळ्याला अडकवला.

"ऱ्हाऊ द्या की ह्याला," तो म्हणाला. "ह्याच्याकडं बी बघत जा."